युक्लिडचा क्रम आणि परीक्षेतले एक वाक्य: गणित शिक्षकांच्या संघटनेचे एक जुने प्रकरण

समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, हे आपल्याकडचा नववीतला विद्यार्थी चार ओळींत सिद्ध करतो. शिरोबिंदूच्या कोनाचा दुभाजक काढायचा, दोन त्रिकोण मिळाले की बाकोबा कसोटी लावायची, झाले. हीच सिद्धता 1890 साली केंब्रिजच्या परीक्षेत लिहिली असती तर ती अमान्य ठरली असती. चुकली म्हणून नव्हे, तर क्रम मोडला म्हणून. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात समद्विभुज त्रिकोणाचे विधान पाचवे आहे आणि कोन दुभागण्याची रचना नववी. पाचव्या विधानात नववे वापरता येत नाही.

वरवर हा हट्ट वाटतो. पण धागा उलगडत मागे गेले की हट्टामागचे तर्कशास्त्र दिसते. कोनाचा दुभाजक कंपासने बरोबर निघतो हे दाखवायला बाबाबा कसोटी लागते, म्हणजे आठवे विधान. युक्लिडची आठव्याची सिद्धता सातव्यावर उभी आहे आणि सातव्याची पाचव्यावर. म्हणजे त्याच्या मांडणीत दुभाजकाच्या आधाराने पाचवे सिद्ध करणे हा चक्रीय तर्क होतो. म्हणून युक्लिड दोन्ही समान बाजू खाली वाढवतो, त्यांवर समान अंतरे घेतो, तिरक्या रेषा जोडतो आणि दोन वेळा एकरूपता लावून पायाच्या कोनांपर्यंत पोहोचतो. इंग्रजी शाळांत या विधानाला ‘गाढवांचा पूल’ म्हणत. इथे अडखळलेला मुलगा पुढे जात नसे.

हे बदलायला इंग्लंडमधल्या गणित शिक्षकांना 1871 ते 1903 अशी बत्तीस वर्षे लागली. हे काम त्यांच्या संघटनेने केले आणि त्या देशातली विषयशिक्षकांची ती पहिलीच संघटना. हे प्रकरण आजही तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एकाच संघटनेने एकाच मागणीसाठी दोन निरनिराळ्या रीतींनी नेतृत्व केले. पहिल्या रीतीत एक अख्खी पिढी खर्ची पडली. दुसरीने दोन वर्षांच्या आत काम फत्ते केले. मात्र पहिल्या पिढीला भाबडी ठरवून मोकळे होण्याइतके हे सोपे नाही.

शाळांचे हात कशाने बांधलेले होते

शाळेत भूमिती म्हणजे युक्लिड, तोही क्रमांकासकट. पायथागोरसचे प्रमेय म्हणजे ‘पहिल्या पुस्तकातले सत्तेचाळिसावे’. प्रश्नपत्रिकेत प्रमेय द्यायचे आणि उत्तरात ते युक्लिडच्या शब्दांत उतरवायचे, असा रिवाज. केंब्रिजमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, ‘प्रीव्हियस’ परीक्षा द्यावी लागे. विद्यार्थी तिला ‘लिटल-गो’ म्हणत. युक्लिड तिच्यात होता. त्यामुळे पुढे वकील किंवा पाद्री होणाऱ्या मुलालाही शाळेत युक्लिड घोकणे भाग होते.

परिणाम वर्गात दिसत होता. आकृतीतली अक्षरे बदलली की मुलांची गाडी अडायची. प्रमेयावर आधारलेले उदाहरण, ज्याला त्या काळी ‘रायडर’ म्हणत, सुटत नसे. दुसऱ्या पुस्तकातली विधाने म्हणजे खरे तर (अ + ब)² सारखी बैजिक नित्यसमाने, पण ती बीजगणिताचा आधार न घेता आयतांच्या भाषेत पाठ करावी लागत. पाचव्या पुस्तकातली प्रमाणाची व्याख्या असंमेय राशींनाही, म्हणजे ज्यांचे गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नाही अशांनाही, लागू पडावी अशी रचलेली होती. दोन गुणोत्तरे समान केव्हा म्हणायची, तर कोणत्याही पूर्णांक पटी घेतल्या तरी लहान, मोठे आणि समान हे संबंध दोन्हीकडे सारखेच राहिले तर. चौदा वर्षांच्या मुलाला हे समजावणे जवळपास अशक्य होते, म्हणून बहुतेक शाळा पाचवे पुस्तक गाळून सहाव्यातल्या समरूप त्रिकोणांवर उडी घेत. म्हणजे ज्या तर्कशुद्धतेच्या नावाखाली युक्लिड टिकवला होता, तिलाच इथे मोठे भगदाड पडलेले होते. त्याकडे मात्र कोणी बोट दाखवत नव्हते.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे 1857 साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी राहिली, त्यामुळे मॅट्रिकच्या रूपाने हा युक्लिड आपल्याकडेही आला होता.

पहिली रीत: आधी पर्याय तयार करू

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमधले गणित शिक्षक रॉडन लेव्हेट यांनी मे 1870 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाला पत्र लिहिले आणि ‘युक्लिडविरोधी संघटना’ काढावी असे सुचवले. जानेवारी 1871 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सभा झाली आणि संघटना स्थापन झाली. नाव मात्र पत्रातले राहिले नाही. ‘भूमिती-अध्यापन सुधारणा संघटना’ असे सौम्य नाव ठेवले. हा पहिला शहाणपणा. विरोधाच्या नावाने उभ्या राहिलेल्या मंडळाशी बोलायला विद्यापीठाला कारणच उरत नाही.

अध्यक्ष म्हणून टॉमस आर्चर हर्स्ट आले. ते रॉयल सोसायटीचे फेलो आणि नावाजलेले भूमितिज्ञ होते. शिवाय पूर्वी त्यांनी शाळेतही शिकवले होते. लेव्हेट सचिव झाले. 1878 मध्ये हॅरो शाळेतले शिक्षक रॉबर्ट बाल्डविन हेवर्ड अध्यक्ष झाले आणि पुढे दहाएक वर्षे त्या पदावर राहिले.

कामाची दिशा ठरवायला संघटनेपुढे तयार निमित्त होते. ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेने भूमितीच्या अध्यापनासाठी नेमलेल्या समितीने 1873 च्या अहवालात म्हटले की युक्लिडची जागा घेईल असे एकही पुस्तक आज उपलब्ध नाही. संघटनेने याचा सरळ अर्थ घेतला: मग आपणच ते तयार करू. उपसमित्या बसल्या, मसुदे सभासदांकडे फिरले, हरकती आल्या, पुन्हा मसुदे झाले. 1875 मध्ये ‘समतल भूमितीचा आराखडा’ छापून तयार झाला. त्यात आधी पट्टी-कंपासच्या रचना, मग व्यत्यास, विरोधी विधान वगैरे समजावणारी तर्काची प्रस्तावना, आणि त्यानंतर पाच भाग होते: सरळ रेषा, क्षेत्रफळांची समानता, वर्तुळ, प्रमाणाची मूलतत्त्वे, प्रमाण. त्यात विधानांचा क्रम होता, सगळ्या सिद्धता नव्हत्या. 1876 मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने या आराखड्याबद्दल अनुकूल मत दिले.

इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे चालले होते. त्यानंतर गाडी रुतली.

विद्यापीठे म्हणाली, आराखडा चांगला आहे, पण आम्ही परीक्षा घेऊ ती युक्लिडवरच. संघटनेने मग सिद्धतांसकट पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला. पण परीक्षेत जे पुस्तक चालत नाही ते कोणती शाळा लावणार? ज्या शाळांनी मनापासून लावले असते त्यांनाच आपल्या मुलांचे गुण धोक्यात घालावे लागणार होते. शाळा वापरत नाहीत म्हणून विद्यापीठ मानत नाही, आणि विद्यापीठ मानत नाही म्हणून शाळा वापरत नाहीत. हा चक्रीय तर्क युक्लिडपेक्षा चिवट निघाला.

चूक नेमकी कुठे झाली? समितीने पुस्तक लिहिणे ही मुळातच जोखमीची गोष्ट असते. युक्लिड नको यावर सगळ्यांचे एकमत होते, पण त्याच्या जागी कोणता क्रम हवा यावर प्रत्येक शिक्षकाचे मत वेगळे होते. समांतर रेषा आधी की एकरूपता आधी, रचना आणि प्रमेये मिसळायची की वेगळी ठेवायची, क्षेत्रफळाला अंकगणित लावायचे की नाही. अशा प्रत्येक वादात तडजोड झाली की निघणारी गोष्ट मूळ गोष्टीच्या जवळ सरकते. शेवटी हाती आले ते थोडे सरळ केलेले युक्लिडच. जुन्यांना ते बंड वाटले आणि सुधारकांना मिळमिळीत. दुसरे असे, की पर्याय छापून हातात दिला की विरोधकाला नेम धरायला जागा मिळते. ऑक्सफर्डचे चार्ल्स डॉजसन, ज्यांना जग लुईस कॅरल म्हणून ओळखते, यांनी 1879 मध्ये नाट्यरूपात एक पुस्तकच लिहिले. त्यात युक्लिडचे भूत अवतरते आणि त्याच्या नव्या प्रतिस्पर्धी पुस्तकांची एकेक करून चिरफाड होते. संघटनेचा आराखडाही त्यातून सुटला नाही. चिरफाड विनोदी आहे, आणि पंचाईत अशी की बऱ्याच ठिकाणी बिनतोडही.

नाही म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू समजून न घेता पुढे गेले तर 1903 चे यश कळत नाही. केंब्रिजमध्ये आर्थर केली यांच्यासारखा त्या काळातला अव्वल गणितज्ञ युक्लिडच्या बाजूने उभा होता. पण मोठ्या नावापेक्षा मोठी अडचण परीक्षकाच्या टेबलावर होती.

परीक्षकासमोर शेकडो उत्तरपत्रिका, निरनिराळ्या शाळांतून आलेल्या. सगळ्यांचा क्रम एकच असेल तर एखाद्या सिद्धतेत वापरलेले विधान आधीचे की नंतरचे हे एका नजरेत कळते. प्रत्येक शाळेचा क्रम वेगळा झाला तर? एका शाळेत आधी सिद्ध झालेले प्रमेय दुसरीत नंतर येईल. मुलाने चक्रीय तर्क केला की त्याच्या पुस्तकात तसाच क्रम होता, हे परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरून सांगता येणार नाही. युक्लिड हा अशा रीतीने गुणदानाचा सामायिक दस्तऐवज होता. तो काढला तर त्याच्या जागी काय, हा प्रश्न रास्त होता. संघटनेचे उत्तर होते ‘आमचा क्रम’. म्हणजे एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती, आणि तीही दोन हजार वर्षांची पुण्याई नसलेली.

1880 च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठांनी अर्धे दार उघडले. युक्लिडचीच सिद्धता हवी असे नाही, दुसरी चालेल, पण युक्लिडच्या क्रमात नंतर येणारे विधान तिच्यात वापरता कामा नये. सवलत दिसायला मोठी, वापरायला गेले तर नगण्य. सुरुवातीचे दुभाजकाचे उदाहरण याच अटीवर आपटते. आपल्या दहावीच्या पुस्तकातली पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धताही, जी कर्णावर लंब टाकून समरूप त्रिकोणांनी होते. समरूपता युक्लिडच्या सहाव्या पुस्तकात आहे, आणि हे प्रमेय पहिल्याच पुस्तकात.

खुर्ची आणि काम

या संथ वर्षांत संघटनेने दोन गोष्टी केल्या, ज्यांना त्या वेळी कोणी यश म्हटले नसते. 1894 मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ हे नियतकालिक सुरू झाले. संपादक होते बेडफर्डमधले शाळाशिक्षक एडवर्ड लँगली. समद्विभुज त्रिकोणातल्या 20, 80, 80 अंशांच्या कोनांचे जे छळवादी उदाहरण आजही स्पर्धापरीक्षांच्या तयारीत फिरते, ते याच लँगलींनी 1922 मध्ये गॅझेटमध्ये दिलेले. दुसरी गोष्ट, 1897 मध्ये संघटनेचे नाव ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन’ झाले. आता एकट्या भूमितीपुरते बांधून घ्यायचे कारण उरले नव्हते.

नियतकालिकाने दोन सभांच्या मधली वर्षे भरून काढली. वर्षातून एकदा भेटणारे मंडळ दर वेळी ओळखपरेडीपासून सुरुवात करते, हे कुठल्याही जिल्हा मंडळाच्या पदाधिकाऱ्याला माहीत आहे. छापील पानावर मुद्दा पुढे सरकत राहतो आणि कोण नुसते बोलते, कोण लिहून देते, हेही उघडे पडते. पुढच्या फळीतली माणसे अशीच सापडतात.

अध्यक्षपद या काळात बहुधा प्राध्यापक किंवा नामवंतांकडे जात राहिले. पुढे व्हाइटहेड आणि हार्डी यांच्यासारखे नामांकित गणितज्ञही अध्यक्ष झाले. शिक्षकांच्या संघटनेत शिक्षक अध्यक्ष नाही, याची खंत करणारे तेव्हाही असतील. माझे मत उलट आहे. अध्यक्षाचे नाव हा विद्यापीठाच्या दारावर टकटक करायचा हात होता. नेतृत्व सचिवाकडे, संपादकाकडे आणि नंतर अध्यापन समितीकडे होते, आणि त्या जागा शाळाशिक्षकांच्या हातात राहिल्या. उलट झाले असते, म्हणजे शिक्षक मखरात आणि मसुदे प्राध्यापकांच्या हातात, तर नुकसान झाले असते.

1901 ते 1903

धक्का बाहेरून आला. रॉयल कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक जॉन पेरी हे मूळचे अभियंते. सप्टेंबर 1901 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी गणिताच्या शालेय अध्यापनावर थेट हल्ला चढवला. चौकटीचा कागद, मोजमाप, लॉगॅरिदमची कोष्टके, प्रयोगाने भूमिती हे सगळे आधी आणि तर्काची इमारत नंतर, असे त्यांचे म्हणणे. चर्चा गाजली आणि ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. अध्यक्ष होते केंब्रिजचे ए. आर. फोर्सिथ. 1895 मध्ये केली वारले, तेव्हा त्यांच्या जागेवर आलेले हेच.

तीस वर्षे जुन्या संघटनेसाठी हा क्षण अवघडच होता. आपला मुद्दा दुसरा कोणीतरी अधिक मोठ्या आवाजात मांडतो आहे, आणि त्याचे उपाय आपल्याला पुरते पटतही नाहीत. पेरींची भूमिती प्रयोगशाळेची होती. शाळाशिक्षकांना सिद्धता सोडायची नव्हती, त्यांना ती मुलांच्या आवाक्यात आणायची होती. रुसून बसणे किंवा पेरींच्या मागे जाणे, दोन्ही सोपे होते.

विंचेस्टर शाळेचे चार्ल्स गॉडफ्री आणि हॅरोचे आर्थर सिडन्स, दोघेही तिशीच्या आतले, यांनी तिसरी वाट धरली. गॉडफ्री हे बर्मिंगहॅमला लेव्हेट यांच्याच हाताखाली शिकलेले. म्हणजे ज्या मुलाने गुरूची अडकलेली लढाई वर्गातल्या बाकावरून पाहिली होती, तोच आता ती हाती घेत होता. वीसहून अधिक शाळाशिक्षकांच्या सह्यांचे पत्र फोर्सिथ समितीकडे गेले आणि 1902 च्या सुरुवातीला छापून आले. पत्राचा सूर तक्रारीचा नव्हता. शाळांत काय बदलता येईल, त्यातले काय शिक्षक स्वतः करू शकतात आणि काय परीक्षेमुळे अडले आहे, याची वेगवेगळी मांडणी त्यात होती.

जानेवारी 1902 च्या वार्षिक सभेत मॅथेमॅटिकल असोसिएशनने अध्यापन समिती नेमली. काम सिडन्स आणि गॉडफ्री यांच्यासारख्या रोज वर्गात उभे राहणाऱ्यांकडे आले. भूमितीचा अहवाल त्याच वर्षी, काही महिन्यांत तयार झाला. 1871 च्या पिढीला आराखड्यासाठी चार वर्षे लागली होती, हे लक्षात घेतले की फरक कळतो. वेग वाढला याचे कारण उत्साह नव्हे. मागणीचा आकारच बदलला होता. समितीने नवा क्रम लिहायला घेतलाच नाही. युक्लिड टाकून द्या, असेही म्हटले नाही. तिने सवलतींची मागणी केली:

- सुरुवातीला मोजमाप आणि प्रत्यक्ष आकृत्यांचा परिचयवर्ग असावा.
- गृहीत रचना चालावी, म्हणजे कोनाला दुभाजक असतो हे मानून तो काढता यावा, कंपासची कृती मागाहून सिद्ध केली तरी हरकत नसावी.
- दुसऱ्या पुस्तकातल्या विधानांना बीजगणित चालावे.
- प्रमाणाचा विचार संमेय राशींपुरता ठेवावा, पाचव्या पुस्तकाचा बोजा शाळेवर नको.

प्रत्येक मागणी सुटी आहे. एक नाकारली तरी बाकीच्या उभ्या राहतात. जुना आराखडा अखंड होता, तो घ्यायचा तर सगळा, नाहीतर काहीच नाही. शिवाय या मागण्या मान्य केल्याने कोणत्याही शाळेवर काही लादले जात नव्हते. ज्याला जुनाच युक्लिड शिकवायचा त्याने खुशाल शिकवावा.

1903 मध्ये केंब्रिजने नियम बदलले, आणि अहवालाने मागितले होते त्याच्याही पुढे जाऊन. नव्या नियमाचा मथितार्थ असा: विषयाच्या पद्धतशीर मांडणीचा भाग आहे असे परीक्षकाला वाटेल ती कोणतीही सिद्धता मान्य होईल. क्रमाची अट गेली.

या वाक्याची बांधणी बारकाईने बघावी. ‘कोणतीही सिद्धता’ म्हटल्याने शाळा मोकळ्या झाल्या. ‘पद्धतशीर मांडणीचा भाग’ म्हटल्याने चक्रीय तर्काला आणि मनात येईल ते गृहीत धरण्याला लगाम बसला. आणि ‘परीक्षकाला वाटेल’ म्हटल्याने तीस वर्षे अडून बसलेल्या माणसाचा अधिकार कमी न होता वाढला. पूर्वी तो क्रमांक तपासत होता, आता त्याचा विवेक तपासणीचा निकष झाला. एकच सामायिक क्रम नसेल तर गुण कसे द्यायचे, या जुन्या प्रश्नाला संघटनेने इतकी वर्षे पुस्तकाने उत्तर दिले होते. अखेर ते नियमाच्या शब्दरचनेने सुटले.

पहिल्या पिढीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे: 1902 चा अहवाल काही महिन्यांत झाला तो शून्यातून नव्हे. नाव, नियतकालिक, सभासदांची यादी आणि विद्यापीठातली ओळख हे सगळे आधीपासून तयार होते. केली यांच्या जागी फोर्सिथ आलेले होते. अभियंते, तांत्रिक शाळा आणि लष्करी प्रवेशपरीक्षा यांचा दाब वाढला होता. 1875 मध्ये याच चार मागण्या घेऊन कोणी गेले असते तर काय झाले असते, सांगता येत नाही. बहुधा दार बंदच राहिले असते. पण पुढची कित्येक वर्षे पुस्तक लिहिण्यात गेली नसती.

जिंकल्यानंतरचा गोंधळ

गॉडफ्री आणि सिडन्स यांचे भूमितीचे पुस्तक 1903 मध्येच बाजारात आले आणि भरपूर खपले. ज्यांनी नियम बदलवला त्यांनीच त्या नियमावरचे पुस्तक विकले, यावर आज हितसंबंधांचा प्रश्न नक्कीच उठेल. तो उठणे योग्यही आहे. बचावात एवढेच म्हणता येईल की त्यांनी मिळवलेला नियम त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही तितकाच खुला होता. हॉल आणि स्टीव्हन्स यांनी, ज्यांचे युक्लिड आधीपासून चालत होते, नव्या नियमांना धरून ‘स्कूल जॉमेट्री’ काढली आणि आपली रचना मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या शिफारशींवर बेतल्याचे प्रस्तावनेत लिहिले. हे पुस्तक हिंदुस्थानातल्या शाळांत पुढे कित्येक दशके चालले. आपल्याकडे ‘हॉल अँड स्टीव्हन्स’ म्हटल्यावर ज्या पिढीचे डोळे चमकत, तिच्या हातात खरे तर 1902 च्या त्या समितीचे फळ होते.

सामायिक क्रम गेल्याची किंमत मात्र द्यावी लागली. ‘बारावे प्रमेय’ म्हणजे काय, हे आता पुस्तक पाहिल्याशिवाय सांगता येईना. शाळा बदललेल्या मुलाची एक बाजू दुहेरी शिकून व्हायची, दुसरी कोरीच राहायची. काही शाळांनी प्रयोगभूमितीचा इतका अतिरेक केला की कोन मोजून ‘म्हणून समान’ असे लिहिणे हीच सिद्धता झाली. 1909 मध्ये सरकारच्या शिक्षण मंडळाला भूमितीच्या अध्यापनावर परिपत्रक काढावे लागले, आणि असोसिएशनने 1923 च्या अहवालात शालेय भूमितीचे अ, ब आणि क असे तीन टप्पे मांडले: आधी प्रयोग आणि निरीक्षण, मग काही तथ्ये गृहीत धरून निगमन, आणि शेवटी सगळ्याची तर्कशुद्ध फेरबांधणी. 1875 च्या आराखड्यात जे क्रमाने साधायचे होते ते आता टप्प्यांनी साधायचे ठरले. यातला ‘क’ टप्पा बहुतेक शाळांत कधी आलाच नाही, हे जाणकार खासगीत मान्य करत.

दुसरी उणीव माणसांची. 1902 च्या पत्रावर सह्या करणारे सगळे मुलांच्या नामांकित शाळांमधले. मुलींच्या शाळा आणि प्राथमिक शाळा यांचाही गणिताशी रोजचा संबंध होता, पण त्यांच्या शिक्षकांचा मसुद्यात हात नव्हता. केंब्रिजच्या परीक्षेपुरते पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. ती परीक्षा देणारी मुले कोणत्या शाळांतून येत होती ते उघडच होते, आणि दबाव टाकायचा तर त्यांच्याच शिक्षकांनी. पण त्या एका लढाईसाठी बनलेली फळी पुढे कायमची फळी होऊन बसली. सिडन्स 1930 च्या दशकात अध्यक्ष झाले, म्हणजे 1902 च्या समितीतला तरुण तीस वर्षांनंतरही केंद्रस्थानीच होता. वर्गात साधने वापरू पाहणारे आणि लहान मुलांच्या शिकण्याचा विचार करणारे शिक्षक कॅलेब गट्टेग्नो यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तीही गणित शिक्षकांचीच, आणि तिनेही सुरुवातीला नाव घेतले ते एकाच मुद्द्याचे: गणितातली अध्यापन-साधने. दहा वर्षांनी तिनेही ते नाव बदलून रुंद केले.